उसंत मिळताच

शनिवारी दुपारी जेवणाचा डबा अर्धा टाकून रेवती भोर एका वाक्याशी झटापट करत बसली होती. वाक्य साधं होतं. नवी डबी बसवू नका. पण ते कसं सांगायचं यावर कित्येकांचा जीव अवलंबून होता, आणि त्यात 'धोका' हा शब्द घालावा की नाही यावर तिचं आणि मॅनेजर शर्वरी जोगदंड यांचं काही केल्या जमत नव्हतं.

नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ त्यांची कंपनी होती. मधुमेहाच्या रुग्णांसाठी ती 'सोबत' नावाचा पंप बनवायची. काड्यापेटीएवढा पंप पोटाला चिकटवायचा, त्यात इन्शुलिनची डबी बसवायची, बाकीचं फोनमधलं अ‍ॅप बघून घेई. त्या अ‍ॅपमध्ये मधेच उगवणाऱ्या चौकटी लिहिणं हे रेवतीचं काम. लोक ज्यांना पॉप-अप म्हणतात आणि न वाचताच बंद करतात, त्या चौकटी. तिने त्यांचे नियम घालून दिले होते. एका चौकटीत एकच गोष्ट, चौदा शब्दांच्या आत, उद्गारचिन्ह नाही आणि खाली एकच बटण. घाबरलेला माणूस वाचत नाही, असं ती नव्या मुलांना सांगायची, आणि वैतागलेला तर मुळीच नाही.

त्या दिवशी सकाळी डब्या पुरवणाऱ्या कारखान्याने कबुली दिली होती. गेल्या महिन्यात पाठवलेल्या डब्यांच्या बुडातली चिप औषधाची तीव्रता अर्धीच सांगत होती. पंप बिचारा सांगितलं ते खरं मानणार आणि दुप्पट औषध सोडणार. मग साखर झपाट्याने खाली, घाम, थरथर, भोवळ. घरात दुसरं कोणी असेल तर तोंडात साखर घालेल. एकट्या माणसाचं मात्र काही खरं नव्हतं. पंप नाशिकमधून बंद करता येत नव्हता. बाहेरच्या कोणा चोराने त्याला हात लावू नये म्हणून कंपनीने ती सोय मुद्दामच ठेवली नव्हती. पंप ऐकायचा तो फक्त मालकाच्या बोटाचं.

शेवटी रेवतीचं वाक्य ठरलं. 'आज नवी डबी बसवू नका. जुनीच राहू द्या. आम्ही लगेच फोन करतो.' खाली बटण, 'वाचलं'. शर्वरी मॅडमनी धोक्याचा हट्ट सोडला आणि निरोप सुटला.

सुटला म्हणजे पोचला असं मात्र नव्हे. इथे उसंतबद्दल सांगायला हवं.

माणसाचा मेंदू एका कामातून निघून दुसऱ्यात शिरतो तेव्हा मधे क्षणभर रिकामा असतो. भाजी चिरून झाली आहे, फोडणी अजून टाकायची आहे, तेवढ्यापुरता. त्या क्षणी डोळ्याची बाहुली जराशी सैलावते, पापणी निवांत मिटते, काचेवर टेकलेला अंगठा उचलला जातो. फोनच्या कॅमेऱ्याला हे सगळं दिसतं. नेमक्या त्या क्षणी समोर आलेला मजकूर माणूस खरोखर वाचतो आणि लक्षातही ठेवतो. एरवी आलेला तो डासासारखा झटकून टाकतो. रेवतीच्याच कंपनीत बनलेलं 'उसंत' नावाचं सॉफ्टवेअर एवढंच करायचं. निरोप धरून ठेवायचं आणि तुम्हाला उसंत मिळताच हळूच पुढ्यात ठेवायचं.

लोकांना ते इतकं आवडलं की दोन वर्षांत बहुतेक सगळ्या फोनमध्ये ते आलं. आधी अ‍ॅपचे निरोप, मग माणसांचे, मग फोनची घंटासुद्धा. गाड्या बनवणाऱ्यांनीही ते विकत घेतलं. जेवताना कोणाचा फोन वाजेना, नवरा-बायकोची भांडणं कमी झाली, जगात जरा शांतता आली. चाचणीच्या वेळी एक गंमत तेवढी झाली होती. परीक्षेच्या निकालाची वाट बघणारी काही मुलं चाचणीत होती. ती दिवसभर फोन हातात धरून नुसती बसून होती आणि तरी त्यांना एकही निरोप मिळाला नाही. बाहुली ताणलेली, अंगठा काचेवर. उसंतच्या लेखी ती मुलं अतिशय कामात होती. सगळे हसले आणि त्या मुलांना आकडेवारीतून वगळलं.

पहिल्या आवृत्तीत उसंतला बगल देऊन थेट घुसायची एक तातडीची वाटही होती. ती बंद करायला लावली रेवतीनेच. कारण दिवाळीत विक्री विभागाने त्या वाटेने सवलतीची जाहिरात सोडली, हिशेब विभागाने बिलं सोडली, ज्याला त्याला आपलंच घोडं तातडीचं वाटू लागलं. लांडगा आला रे आला असं रोज ओरडल्यावर जे व्हायचं तेच झालं, लोक काहीच वाचेनासे झाले. रेवतीने बैठकीत उभं राहून ती वाट बुजवायला लावली, आणि तिचं काही चुकलं नव्हतं. तिच्यासाठी टाळ्याही वाजल्या होत्या.

आता भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर प्रत्येक न वाचलेल्या निरोपाचा एक लाल ठिपका दिसत होता. ठिपके भराभर विझत होते. शनिवारची दुपार, जेवणं झालेली, लोकांना उसंतच उसंत. जे विझेनात त्यांच्या घरच्यांना, शेजाऱ्यांना, औषधाच्या दुकानांना फोन लावले गेले. चहा येईपर्यंत मूठभर उरले, चहा संपेपर्यंत एक.

पडद्यावर नाव दिसत नसे, फक्त गाव दिसायचं. इगतपुरी. तिथे 'सोबत'चा एकच पंप होता आणि तो रेवतीने कर्मचाऱ्यांच्या सवलतीत घेऊन दिला होता, तिच्या वडिलांना.

आलेख सांभाळणारा ओजस म्हणाला की या माणसाचं काहीतरी विचित्रच आहे, चार महिन्यांत याला एकदाही उसंत मिळालेली नाही. ठिपका कोणाचा हे त्याला ठाऊक नव्हतं. रेवतीने त्याला पंपातलं औषध किती उरलंय ते बघायला सांगितलं. पट्टीवर दोन रेघा शिल्लक होत्या. दुसरा कोणी असता तर रात्रीपर्यंत तरी डबी बदलली नसती. पण अण्णा शेवटची रेघ येऊ देणाऱ्यांतले नव्हते. एक रेघ उरली की ते डबी बदलत, चहाच्या आधी.

तिने फोन लावला. पलीकडून तोच गोड आवाज आला, जो ती गेले चार महिने दर रविवारी ऐकत होती. "विश्वनाथ भोर सध्या कामात आहेत. उसंत मिळताच तुमचा फोन जोडून देऊ." शेजारचे गायकवाड लग्नाला भुसावळला गेलेले. औषधवाला दुकान बंद करून वामकुक्षी घेत असणार, त्याचाही फोन उसंतच्या ताब्यात. रेवतीने गाडीची किल्ली उचलली.

शर्वरी मॅडम दारापर्यंत आल्या. पोलिसांना कळवते, रुग्णवाहिका पाठवायला सांगते, तू गाडी चालवू नकोस, असं त्या म्हणत होत्या. रेवती म्हणाली, "तुम्ही सगळं करा मॅडम. मी निघते."

विश्वनाथ भोर हे बँकरचे ड्रायव्हर होते. बँकेशी त्याचा काही संबंध नाही. कसाऱ्याचा घाट चढताना गाडीला मागून ढकलायला जास्तीची इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. अण्णांची सगळी नोकरी गाडीच्या शेपटाला गेली. पुढचा रस्ता मागच्या ड्रायव्हरला दिसत नाही, त्याच्यासमोर शेवटच्या डब्याची पाठ असते. पुढचा शिट्टी देतो, मागचा तीच शिट्टी परत देतो, आणि मगच दोघे जोर लावतात. परत न आलेली शिट्टी दिलीच नाही असं धरायचं, हे रेवतीला बाराखडीच्या आधी शिकवलं गेलं होतं. क्वार्टरच्या मागून जाताना अण्णा एक आखूड, एक लांब, एक आखूड अशी शिट्टी वाजवत. ती कुठल्याच नियमात बसत नव्हती. आई मागच्या दारात येऊन स्टीलच्या ताटावर पळीने तोच ताल मारायची. अण्णा घाट चढून आले, त्यांचं पान वाढा, असा त्याचा अर्थ.

आई गेल्याला तीन वर्षं झाली होती. रेवतीने अण्णांना नाशिकला या म्हणून पुष्कळ सांगून पाहिलं, पण ते रेल्वे फाटकापलीकडच्या त्यांच्या दोन खोल्या सोडायला तयार झाले नाहीत. मग तिने पंप आणून दिला, फोन आणून दिला, बँकांचे नि विमेवाल्यांचे फोन छळतील म्हणून त्यात उसंतही घालून दिलं. दिवाळीनंतर तिचं जाणं झालं नाही. दर रविवारी ती फोन लावायची आणि अण्णा कामात आहेत असं ऐकून निरोप ठेवायची. पहिल्यांदा तिला नवल वाटलं होतं. मग बरं वाटू लागलं. भजनी मंडळ असेल, वाचनालय असेल, निवृत्तांची संघटना असेल. म्हातारा माणूस कामात आहे म्हणजे मजेत आहे. खरं सांगायचं तर तिला त्यात सुटल्यासारखंही वाटायचं, आणि आता हमरस्त्यावर एकामागून एक ट्रक मागे टाकताना तेच तिला टोचत होतं.

घोटीच्या अलीकडे गाडी मंदावली. रेवतीने पाय दाबला, गाडी ढिम्म. तेव्हा कुठे तिचं लक्ष कोपऱ्यातल्या लाल खुणेकडे गेलं. बॅटरी तळाला गेली होती आणि गाडीने तिला ते सांगितलंच नव्हतं. का सांगेल? तिची बाहुली ताणलेली, हात स्टिअरिंगला घट्ट. गाडी शहाण्यासारखी तिला उसंत मिळायची वाट बघत होती. रेवतीच्या तोंडून शिवी निघाली. चार्जिंगला थांबायचं तर अर्धा तास जाणार. तिने गाडीतला पंखा बंद केला, गाणी बंद केली, आणि उजवी मार्गिका सोडून बैलगाडीच्या चालीने पुढे निघाली.

ओजसचा फोन आला. आज कामावर म्हणून तिने स्वतःच्या फोनमधलं उसंत सकाळीच बंद केलं होतं, नाहीतर तोही लागला नसता. ओजसला एव्हाना सगळं कळलं असावं, कारण तो तिच्याशी आजारी माणसाशी बोलावं तसं बोलत होता. रुग्णवाहिका घाटात अपघाताकडे गेली आहे, पोलीस माणूस पाठवतो म्हणाले आहेत. आणि पट्टीवर आता एकच रेघ आहे.

"पंप उघडला का?" रेवतीने विचारलं.

"अजून नाही. उघडला की मला दिसेल."

"फोन ठेवू नकोस."

इगतपुरीत ती शिरली तेव्हा उन्हं कलली होती. अण्णांच्या चहाची वेळ. गावातून वळून ती रुळांपाशी आली आणि फाटक तिच्या डोळ्यांदेखत खाली आलं. पलीकडे, हाकेच्या अंतरावर, अण्णांच्या घराचे पत्रे दिसत होते. हाक मात्र पोचली नसती. घाटातून मालगाडी वर येत होती, मालाने भरलेल्या वाघिणींमागून वाघिणी, आणि तिच्या धडधडीपुढे माणसाच्या आवाजाला काय किंमत.

"ताई," ओजस म्हणाला, "पंपाचं झाकण उघडलंय."

गाडी जात होती, संपत नव्हती. चाकांच्या फटींतून तिला घराचं मागचं दार तुकड्यातुकड्याने दिसत होतं. ते बंद होतं. डबीचं पाकीट फोडायचं, टोपण काढायचं, सुई पुसायची, बसवायची. अण्णा हे सगळं सावकाश, नीट करत. फाटकाखालून वाकून रुळांपर्यंत जायचं म्हटलं तरी मधे ही भिंत धावत होती.

शेवटी बँकर आले. घाट संपवून दमल्यासारखे गुरगुरत ते तिच्यासमोरून गेले, आणि त्यांच्याकडे बघताना रेवतीचा हात आपोआप हॉर्नवर गेला. एक आखूड, एक लांब, एक आखूड.

फाटकावर अडकलेले लोक हॉर्न वाजवतातच. शेजारच्या रिक्षावाल्याने तिच्याकडे त्रासून पाहिलं. पलीकडून काही आलं नाही. तिने पुन्हा वाजवला. परत न आलेली शिट्टी दिलीच नाही असं धरायचं. तिने तिसऱ्यांदा वाजवला, आणि आता तिला रडू फुटत होतं, कारण पलीकडे ताट वाजवणारी बाई तीन वर्षांपूर्वीच गेली होती आणि हे ती इतका वेळ विसरूनच गेली होती.

बँकरची गुरगुर लांब गेली. आणि मग ते आलं. स्टीलवर स्टीलचा आवाज, जरा कापरा, जरा चुकलेला, पण ताल तोच. एक आखूड, एक लांब, एक आखूड.

मागचं दार उघडं होतं. अण्णा पायरीवर उभे होते, एका हातात ताट, एका हातात पळी, सदरा वर खोचलेला, पोटावर पंपाचं झाकण उघडं. गाड्यांच्या रांगेत कोण आहे ते त्यांना एवढ्या लांबून दिसत नव्हतं. शिट्टी आली म्हणून त्यांनी ती परत दिली होती, एवढंच.

फाटक वर गेलं तेव्हा रेवती गाडी तशीच सोडून पळत सुटली. रिक्षावाला मागून काय बोलला ते तिने ऐकलं नाही.

स्वयंपाकघराच्या टेबलावर नवी डबी होती. पाकीट फोडलेलं, टोपण काढून शेजारी ठेवलेलं. रेवतीने ती उचलून पर्समध्ये टाकली आणि मग ती तिथेच खुर्चीत बसली. ओजस फोनमधून काय झालं, काय झालं असं विचारत होता. बसवली नाही, एवढं सांगून तिने फोन ठेवला.

अण्णांनी तिला आधी पाणी दिलं. मग झालेलं सगळं ऐकून घेतलं. ते खंगलेले दिसत होते. दाढी वाढलेली होती. भजनी मंडळात जाणाऱ्या माणसाचं हे रूप नव्हतं. मागच्या दाराशी आईची वेताची खुर्ची होती, तिच्या हातावर फोन ठेवायची जागा झिजून गुळगुळीत झाली होती.

"तुम्ही दिवसभर करता काय अण्णा?" तिने विचारलं. "कधीही फोन लावावा तर तुम्ही कामात."

अण्णांना ते कळलंच नाही. "मला कसलं काम? फोन घेऊन बसतो इथे. म्हटलं पोरीचा फोन यायचा."

"मग तुम्ही का नाही केलात?"

"मागच्या इंजिनानं आधी शिट्टी द्यायची नसते, बाळा," अण्णा म्हणाले. "पुढच्याचं लक्ष विचलित होतं. पुढच्यानं द्यायची, आपण परत द्यायची. तुझी आलीच नाही. म्हटलं घाट अवघड असेल तुझा."

रेवतीला ती निकालाची वाट बघणारी मुलं आठवली. फोन हातात, बाहुली ताणलेली, अंगठा काचेवर. चार महिने हा माणूस या खुर्चीत बसून तिच्या फोनची वाट बघत होता, आणि वाट बघतो म्हणूनच तिचा फोन त्याच्यापर्यंत येऊ दिला जात नव्हता. वाट बघणं थांबवून तो उठायचा तेव्हा फोन खुर्चीतच राहायचा. तिने, शर्वरी मॅडमनी, ओजसने, सगळ्यांनी मिळून हे केलं होतं, आणि निरोप नीट वाचला जावा एवढीच त्यांची इच्छा होती. ती अण्णांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. अण्णांनी तिला रडू दिलं.

मग ते म्हणाले की जेवून घे, सकाळची आमटी आहे, भात टाकतो. किती वाजले ते बघायला त्यांनी सहज फोन उचलला. आज त्यांना त्या फोनकडून काही नको होतं.

फोन वाजला. मग पुन्हा वाजला. मग वाजतच राहिला. अण्णांनी तो दचकून लांब धरला आणि चष्मा लावला. इंजिनातली त्यांची जुनी सवय होती, दिसलेला सिग्नल मोठ्याने बोलून दाखवायचा. तसेच ते एकेक वाचू लागले. "अण्णा, आज पोहे केले, तुमच्यासारखे नाही झाले." "वाढदिवसाच्या शुभेच्छा, फोन लागत नाही." "थंडी फार आहे, कानटोपी घाला." "खूप कामात दिसता, सवड झाली की करा." वाचताना त्यांचा आवाज एकदाच अडला, कानटोपीपाशी. शिमगा होऊन गेला होता, थंडी केव्हाच सरली होती.

सगळ्यांत शेवटी पडद्याच्या मधोमध पांढरी चौकट आली.

"आज नवी डबी बसवू नका," अण्णांनी सावकाश वाचलं. "जुनीच राहू द्या. आम्ही लगेच फोन करतो." त्यांनी पुन्हा एकदा मनात वाचलं. "चांगलं लिहिलंय. घाबरवत नाही. कोणी लिहिलं?"

"मी."

अण्णांनी मान हलवली. त्यांचा अंगठा 'वाचलं' या बटणावर गेला आणि तिथेच वर थांबला.

"हे दाबलं की तू जाशील?"

"नाही," रेवती म्हणाली. "मी राहायला आलेय. दाबा तुम्ही."

अण्णांनी बटण दाबलं. मग ज्या ताटावर पळी मारली होती तेच ताट पंच्याने पुसून त्यांनी तिच्यासमोर ठेवलं.